‘क्वेकर सिटी’चे यात्रेकरू

यात्रा आणि सहल हे दोन शब्द व्यवहारांत निरनिराळ्या अर्थांनीं वापरले जातात. यात्रेस निघणारा मनुष्य कष्ट सोसण्याच्या तयारीनें निघतो; सहलीस निघणारा सुखाची बेगमी करून निघतो. एकाला देवाचें दर्शन हवें असतें, दुसऱ्याला नव्या मुलखाचें. एकाच आगबोटीवर, एकाच भाड्यांत, या दोन्ही गोष्टी मिळूं लागल्याला फार काळ लोटलेला नाहीं. आगाऊ पैसे भरून, संघ करून आणि कार्यक्रम छापून बायबलच्या भूमीस जाण्याचा जो प्रघात पुढें जगभर पडला, त्याच्या अगदीं आरंभींच्या उदाहरणांत ‘क्वेकर सिटी’ या अमेरिकन आगबोटीच्या १८६७ सालच्या प्रवासाची गणना होते. हा प्रवास त्यांतील स्थळांमुळें जितका प्रसिद्ध आहे, त्याहून अधिक त्यांतील माणसांच्या वर्तनामुळें मननीय आहे.

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें. त्या युद्धांत आरमाराच्या चाकरींत असलेली ही आगबोट शांततेच्या काळांत उतारूंच्या उपयोगी पडावी, अशी योजना पुढें आली. तिचा उगम ब्रुकलिन येथील प्लिमथ चर्चच्या मंडळींत झाला. कप्तान चार्ल्स डंकन हे तिचे चालक. हेन्री वॉर्ड बीचर हे नामांकित धर्मोपदेशक व सेनापति शर्मन हे बरोबर येणार, असा बोलबाला झाला होता. प्रत्यक्षांत दोघेही आले नाहींत. भाडें माणशीं १२५० डॉलर होतें, व जमिनीवरील प्रवासाचा खर्च त्याहून वेगळा. तेव्हां येणारे बहुतेक उतारू प्रौढ, सुखवस्तु आणि चर्चशीं निष्ठा बाळगणारे असावेत, हें ओघानेंच आलें. अशा सुमारें सत्तर मंडळींना घेऊन बोट ८ जून १८६७ रोजीं न्यूयॉर्कच्या धक्क्यावरून सुटली.

या भाविक मंडळींत एक एकतीस वर्षांचा, जिभेनें तिखट असा वार्ताहर होता. त्याचें नांव सॅम्युएल क्लेमेन्स. मार्क ट्वेन या टोपणनांवानें तो पुढें जगाला ठाऊक झाला. त्याचें भाडें सॅन फ्रान्सिस्को येथील एका वृत्तपत्रानें भरलें होतें व त्याबद्दल त्यानें प्रवासांतून पत्रें लिहून धाडावयाचीं होतीं. बोटीवर नित्य प्रार्थनासभा भरे. ट्वेन तेथें बसे, ऐके, आणि पाहिलेलें सारें टिपून ठेवी. म्हणूनच या यात्रेचा वृत्तांत आज इतक्या बारकाईनें उपलब्ध आहे.

जिब्राल्टर, फ्रान्स, इटली, अथेन्स, कॉन्स्टँटिनोपल आणि काळ्या समुद्रावरील रशियन बंदरें पाहून बोट सप्टेंबरांत बैरूटला लागली. येथून संघाच्या वाटा फुटल्या. पुष्कळांनीं बोटीनेंच याफा बंदर गांठून तेथून यरुशलेमास जाण्याचें ठरविलें. ट्वेनसह आठ जणांनीं मात्र घोड्यावरून, सीरियामार्गें खुष्कीनें जाण्याचा लांबचा मार्ग पत्करला. खुष्कीचा प्रवास म्हणजे हालअपेष्टा, अशी त्यांची समजूत होती. पण वाटाड्यानें उभी केलेली सरबराई पाहून ते थक्क झाले. आठ जणांच्या दिमतीला एकोणीस नोकर आणि ओझ्याचीं सव्वीस खेंचरें! रात्रीं मुक्काम पडला कीं डेरे उभे राहत, लोखंडी खाटा व गालिचे मांडले जात, आणि जेवणांत मांसाचे नाना प्रकार येत. ज्या भूमींत येशू ख्रिस्त व त्याचे शिष्य पायीं हिंडले, तेथें त्यांचे भक्त अशा इतमामानें चालले होते.

बालबेक येथील रोमन देवळांचे प्रचंड भग्नावशेष पाहून हा तांडा दमास्कसकडे, म्हणजे बायबलांतील दिमिष्काकडे, निघाला. वाट तीन दिवसांची होती. परंतु तिसरा दिवस रविवारचा पडत होता, आणि शब्बाथ म्हणून पाळावयाच्या त्या दिवशीं प्रवास करणें संघांतील तिघांना पाप वाटत होतें. तेव्हां तीन दिवसांची मजल दोन दिवसांत मारण्याचें ठरलें. घोडीं थकलेलीं होतीं, ऊन कडक होतें, माणसेंही गळून गेलीं होतीं. इतरांनीं परोपरीनें विनवून पाहिलें, पण व्यर्थ. शब्बाथ मोडला नाहीं. मोडलीं तीं मुक्या जनावरांचीं शरीरें. ज्या ख्रिस्तानें शब्बाथाच्या दिवशीं रोगी बरे केल्याच्या कथा शुभवर्तमानांत आहेत, त्याच्याच नांवानें हें घडलें, ही गोष्ट ट्वेनच्या मनाला फार लागली. धर्माज्ञेचें अक्षर सांभाळून तिचा आशय गमवावा, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण.

येथें महाराष्ट्रांतील वाचकाला एकनाथांची कथा आठवल्यावांचून राहणार नाहीं. रामेश्वराला वाहण्यासाठीं आणलेलें कावडीतलें गंगोदक त्यांनीं वाळवंटांत तहानेनें तळमळणाऱ्या गाढवाला पाजलें, असें परंपरा सांगते. देश निराळे, धर्म निराळे. परंतु दोन्ही ठिकाणीं प्रश्न एकच उभा राहतो. वाटेंत भेटणाऱ्या जिवाकडे यात्रेकरूनें पाहावें, कीं आपल्या संकल्पाकडे?

त्या संघाला सर्वस्वीं निष्ठुर ठरविणें मात्र अन्यायाचें होईल. बनियास हें बायबलांतील फिलिप्पाच्या कैसरियाचें स्थान. तेथें एका आजारी मुलाच्या चिघळलेल्या डोळ्यांसाठीं संघांतील डॉक्टरानें औषध दिलें. हां हां म्हणतां ही वार्ता गांवभर पसरली आणि लंगडे, आंधळे, कडेवर मुलें घेतलेल्या बाया यांची एकच रीघ लागली. डॉक्टर औषधें वांटीत राहिला. शुभवर्तमानांतील वर्णनें आपण डोळ्यांनीं पाहत आहों, असें त्या वेळीं ट्वेनला वाटलें. आणि याच मुक्कामीं इतर कांहीं मंडळी प्राचीन अवशेषांचे तुकडे फोडून खिशांत भरीत होती!

गालील समुद्रावरील प्रसंग मात्र केवळ हास्यरसाचा आहे. हा समुद्र म्हणजे वस्तुतः गोड्या पाण्याचें सरोवर. लांबी सुमारें २१ किलोमीटर, आणि पातळी भूमध्य समुद्राच्या दोनशें मीटरांहून अधिक खालीं. याच पाण्यावर ख्रिस्ताचे शिष्य मासे धरीत. त्यावर एकदां तरी नावेंत बसावें, ही संघाची आयुष्यभराची आस होती. नाव दिसली, नाखव्याला हाक गेली, त्यानें दोन नेपोलियन, म्हणजे सुमारें आठ डॉलर, मागितले. त्यासरशीं भाविकांतला व्यापारी जागा झाला, आणि ‘एक देऊं’ असें उत्तर गेलें. नाखव्यानें नाव वळविली व तो चालता झाला. मग दोन देऊं केले, तीन देऊं केले. पण नाव परतली नाहीं. हजारों मैलांचा प्रवास करून आलेली माणसें, एका नेपोलियनच्या घासाघिशीमुळें, कांठावर एकमेकांना दोष देत उभीं राहिलीं.

पुढें नासरेथ, नाब्लुस अशा वाटेनें संघ यरुशलेमास पोंचला. तेथून मृत समुद्र व यार्देन नदी पाहण्यांत आली. मृत समुद्राचें पाणी महासागराहून जवळजवळ दहापट खारट, त्यामुळें मनुष्य त्यांत बुडत नाहीं. यार्देन मात्र लहान, पण ओढीची. भक्तिगीत म्हणत नदींत उतरलेल्या मंडळींचा सूर थंडगार पाण्यानें पार विरून गेला. अशा स्थळीं अनेकांचा मनोभंग झाला, याचें कारण समजण्याजोगें आहे. लहानपणापासून ऐकलेल्या कथांनीं मनांत विशाल राज्यें व महानद्या उभ्या केलेल्या असतात. प्रत्यक्ष देश लहानसा निघतो. शिवाय पूर्वींच्या प्रवाशांचीं भावपूर्ण पुस्तकें बरोबर होतीं, आणि कोठें गहिंवरावें हें पुष्कळांनीं तीं वाचून आधींच ठरविलें होतें.

ट्वेनचें चित्रही सर्वस्वीं निर्दोष नाहीं. त्यानें तो देश ओसाड, तपकिरी आणि खिन्न म्हणून रंगविला. पण तेथें पाऊस पडतो तो हिवाळ्यांत. सप्टेंबर म्हणजे कोरड्या उन्हाळ्याचा शेवट. वसंतांत तीच टेंकाडें रानफुलांनीं भरून जातात. तेथील दरिद्री रहिवाशांविषयींही त्याची लेखणी पुष्कळदां अनुदार झाली आहे. यात्रेकरूंना देश पुस्तकांतून दिसला, तर ट्वेनला तो आपल्या उपहासांतून दिसला, इतकाच भेद.

यरुशलेमांतील पवित्र थडग्याचें चर्च हें या साऱ्या प्रवासाचें ध्येय. चौथ्या शतकांत कॉन्स्टंटाईन बादशहाच्या काळीं तें प्रथम उभें राहिलें. ग्रीक, रोमन, आर्मेनियन, कॉप्टिक इत्यादि पंथांची तेथें वहिवाट आहे. कोणत्या पंथानें कोठें व केव्हां उपासना करावी, यावरून इतके तंटे झाले कीं, तुर्की सुलतानाला १८५२ सालीं फर्मान काढून वहिवाट आहे तशीच कायम करावी लागली. दाराच्या किल्ल्या दोन मुसलमान घराण्यांकडे आहेत, आणि ती व्यवस्था आजही चालूं आहे.

परतीच्या वेळीं याफा बंदरांत जो प्रसंग घडला, तो या यात्रेचा सर्वांत उजळ भाग होय. जॉर्ज ॲडम्स नांवाच्या एका उपदेशकाच्या शब्दावर विश्वासून १८६६ सालीं अमेरिकेच्या मेन प्रांतांतील दीडशेंहून अधिक स्त्रीपुरुष व मुलें लांकडी घरांचें सामान घेऊन तेथें वसाहत करण्यास आलीं होतीं. रोगराईनें कित्येक दगावले, पीक साधलें नाहीं, जवळचें द्रव्य सरलें. त्यांपैकीं सुमारें चाळीस जणांना ‘क्वेकर सिटी’नें अलेक्झांड्रियापर्यंत नेलें. पण पुढें काय? तेव्हां सहप्रवासी व न्यूयॉर्कच्या ‘सन’ पत्राचे मालक मोझेस बीच यांनीं पदरचे पंधराशें डॉलर देऊन त्या सर्वांची स्वदेशीं जाण्याची सोय केली. सभा नाहीं, वर्गणी नाहीं, गाजावाजा नाहीं. टीकेंत कोणाची गय न करणाऱ्या ट्वेननेंही या औदार्याची मुक्त कंठानें वाखाणणी केली आहे.

१९ नोव्हेंबर १८६७ रोजीं बोट न्यूयॉर्कला परतली. ट्वेनचें ‘इनोसंट्स अब्रॉड’ हें पुस्तक १८६९ सालीं निघालें व त्यानें त्याची कीर्ति झाली. त्याच वर्षीं टॉमस कुक यांनीं आपला पहिला संघ पॅलेस्टाइनला नेला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सुएझचा कालवा खुला झाला. १८९२ सालीं याफा ते यरुशलेम आगगाडी धांवूं लागली. ट्वेन स्वतः १८९६ च्या जानेवारींत व्याख्यानांच्या दौऱ्यावर मुंबईसही येऊन गेला. तोंवर अशा सामुदायिक यात्रा हा एक नित्याचा व्यवसाय होऊन बसला होता.

आतां डेऱ्यांच्या जागीं उपाहारगृहें आलीं आहेत आणि खेंचरांच्या जागीं मोटारी. संघानें जावें कीं एकट्यानें, हा सोयीचा प्रश्न आहे. संघांत वृद्धांना आधार मिळतो आणि खर्चही वांटला जातो. परंतु संघाचा एक धोका या प्रवासांत स्पष्ट दिसतो. तिघांचा हट्ट सर्वांचा नियम होतो, आणि थकलेल्या घोड्याची बाजू घेण्यास पुरेसा जोर कोणीच लावीत नाहीं. ‘क्वेकर सिटी’च्या मंडळींनीं पुण्यक्षेत्रांची यादी पुरी केली. त्यांनीं फोडून आणलेले दगड आज कोणाच्या आठवणींत नाहींत. याफाहून सुखरूप घरीं पोंचलेलीं तीं चाळीस माणसें मात्र आठवतात.