आवळपट्टी विसरण्यासाठी उजळणी

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ असलेले सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे टिपेश्वर अभयारण्य वाघांसाठी प्रसिद्ध असले, तरी तेथील वनरक्षक, तेंदूपत्ता तोडणारे मजूर आणि रानालगत कपाशी पिकवणारे शेतकरी यांच्या पायाशी असलेला खरा धोका सापाचा आहे. वैद्यकीय मदत मिळेपर्यंतच्या लांबलेल्या वेळात रुग्णाला सांभाळणे, म्हणजेच रानातला प्रथमोपचार, एकदा शिकून पुरत नाही. छातीवर दाब देण्यासारखी हाताची कृती सरावाअभावी काही महिन्यांतच विसरू लागते आणि म्हणूनच अशा प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे साधारणतः दोन-तीन वर्षांपुरतीच ग्राह्य धरली जातात. उजळणीचे याहून गंभीर कारण असे की, पूर्वी रीतसर शिकवलेले काही उपचारच आज घातक ठरले आहेत.

दंशाच्या वरच्या बाजूस घट्ट आवळपट्टी बांधावी आणि जखमेवर चीर द्यावी, ही शिकवण अनेकांच्या मनात अजून पक्की आहे. परंतु घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडत असल्याने चिरेतून होणारा रक्तस्राव आवरत नाही, आणि आवळपट्टीने रक्तपुरवठा तुटला की विषाने आधीच जायबंदी झालेला अवयव सडू लागतो. कोणी पट्टी बांधून टाकलीच असेल, तर ती वाटेत सोडू नये, कारण साचलेले विष एकाएकी शरीरभर पसरू शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी लागते.

आजची पद्धत साधी आहे. रुग्णाला धीर देऊन आडवे करावे, चालू देऊ नये, सूज चढण्यापूर्वी अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत, आणि मोडलेल्या हाडाला आधार देतात त्याप्रमाणे बांबूच्या कामट्या व दुपट्टा वापरून तो हात किंवा पाय सैलसर बांधून स्थिर ठेवावा. दंशाची वेळ लिहून ठेवावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मण्यारीच्या दंशाबाबत विशेष सावध राहिले पाहिजे: तो बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो, वेदना वा सूज फारशी नसते, मात्र काही तासांत पापण्या जड होऊन पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात, आणि अशा वेळी तोंडाने श्वास देण्याचा सराव असलेला सोबती रुग्णालयापर्यंत प्राण टिकवू शकतो.

भारतात मिळणारे प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून तयार होते आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांवर चालते; त्याला घरगुती पर्याय नाही. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला आहे. तो गावापर्यंत पोहोचायचा असेल, तर वनविभाग, ग्रामपंचायती आणि आशा कार्यकर्त्या यांनी दरवर्षी खरिपाच्या पेरणीआधी ही उजळणी घ्यावी, आणि ती भाषणाने नव्हे, तर प्रत्येकाच्या हातात कामट्या व दुपट्टा देऊन घ्यावी.