ऑफिस उघडलं, गाडी बंद

नियम आणि माणसं : लेखांक ७

मार्च-एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी बहुतेकांनी का पाळली, हे आपण मागच्या लेखांकात पाहिलं. या आठवड्यात त्याच्या उलट बाजूचा प्रश्न घेऊ. बंधनं सैल होऊ लागतात तेव्हा लोक कसे वागतात? याचं एक तयार उत्तर आपल्याकडे आहे : लोक बेशिस्त असतात, जरा मोकळीक मिळाली की उधळतात. जून २०२० पासून हे उत्तर वर्तमानपत्रांत, मंत्र्यांच्या आवाहनांत आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर इतक्यांदा आलं की ते तपासून पाहावं असं फारसं कुणाला वाटलंच नाही. पण जून २०२० ते ऑगस्ट २०२१ या काळात वसई-विरारमध्ये जे घडलं ते तारखांच्या क्रमाने मांडलं, तर या उत्तराला मोठी भोकं पडतात. कोणतं बंधन आधी सुटलं आणि कोणतं मागे राहिलं, यावर लोकांचं वागणं ठरत गेलेलं दिसतं. स्वभावाचा वाटा त्यात आहे, पण तो बराच नंतरचा.

आधी भूगोल. वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर होती. मुंबईत घर परवडत नाही म्हणून इथे राहायचं आणि पोटासाठी रोज मुंबई गाठायची, हा इथल्या लाखो कुटुंबांचा हिशेब. मध्ये वसईची खाडी. ती ओलांडायला २०२० मध्ये मार्ग दोनच होते : भाईंदर आणि नायगाव यांच्यामध्ये पाणजू बेटावरून जाणारे रेल्वेपूल, नाहीतर पूर्वेकडून वळसा घालून महामार्गावरचा वरसावे पूल. भाईंदरहून नायगावला थेट रस्त्याने जाण्याची सोय तेव्हा नव्हतीच. त्यामुळे २२ मार्चच्या मध्यरात्री लोकल बंद झाली, तेव्हा दादर-परळच्या माणसाची एक सोय गेली, आणि नालासोपाऱ्याच्या माणसाचा मुंबईशी असलेला संबंधच तुटला. विरार ते चर्चगेट हे रेल्वेचं साठ किलोमीटरचं अंतर. तेच रस्त्याने कापायचं तर महामार्गावरची कोंडी, टोलनाके आणि पावसाळ्यात खड्डे. टाळेबंदी पूर्ण होती तोवर याने काही अडत नव्हतं, कारण जाण्याचं ठिकाणही बंद होतं.

अडलं ते मोकळीक मिळू लागल्यावर. ३१ मे रोजी राज्य सरकारने ‘मिशन बिगिन अगेन’ जाहीर केलं. ३ जूनपासून व्यायामासाठी मैदानं आणि समुद्रकिनारे खुले झाले. (नेमक्या त्याच दिवशी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं, त्यामुळे किनारे खुले होण्याचा पहिला दिवस किनारपट्टीने दारं लावून घरातच काढला.) ५ जूनपासून रस्त्याच्या एका बाजूची दुकानं आज, दुसऱ्या बाजूची उद्या. ८ जूनपासून खासगी कार्यालयं दहा टक्के उपस्थितीत. १५ जूनला लोकल सुरू झाली खरी, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. बाराशे आसनांच्या गाडीत सातशेच प्रवासी घ्यायचे, आणि असे कर्मचारी राज्य सरकारच्या अंदाजाने सुमारे सव्वा लाख. करोनापूर्वी मुंबईची उपनगरी रेल्वे रोज ऐंशी लाखांच्या आसपास प्रवासी वाहून नेत होती. या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की चूक उघड दिसते. कार्यालय ८ जूनला उघडलं आणि तिथे जाण्याची गाडी सर्वसामान्य खासगी नोकरदाराला ना ८ जूनला मिळाली, ना १५ जूनला. उरली एसटी, आणि तीही मुळात अत्यावश्यक सेवेसाठी सोडलेली. २२ जुलैच्या सकाळी नालासोपाऱ्यात याचा स्फोट झाला. बस मिळत नाहीत म्हणून संतापलेले शेकडो लोक स्थानकात घुसले, रुळांवर उतरले आणि आम्हालाही लोकलने जाऊ द्या म्हणून अडून बसले.

रुळांवरच्या त्या गर्दीत अंतर नव्हतं, हे खरंच. ते चित्र पाहून अनेकांनी ‘ह्यांना करोनाची भीतीच उरली नाही’ असा निष्कर्ष काढला. पण याच वस्त्यांमधली माणसं एप्रिलमध्ये घरात बसली होती, आणि तुळींज-आचोळ्याच्या चाळीतली दहा बाय दहाची खोली म्हणजे काही मजेत बसण्याची जागा नव्हे. तीन महिन्यांत भीती संपली, हे म्हणायला आधार काय? बदललं ते दुसरंच. संपूर्ण टाळेबंदीत कामावर न जाण्याला सरकारी हुकमाचं पाठबळ होतं. ‘साहेब, बंद आहे, कसा येऊ?’ असं फोनवर सांगता येत होतं. दहा टक्क्यांची परवानगी निघाली त्या दिवशी हे पाठबळ गेलं. ते दहा टक्के कोण, हे कर्मचारी ठरवत नाही, मालक ठरवतो. ज्याची नोकरी पक्की नाही त्याला ‘माझं नाव यादीत नको’ म्हणण्याची सोय नसते. म्हणजे सरकारने दिलेली सूट मालकाला सूट म्हणून मिळाली, आणि त्याच्या नोकराकडे ती हुकूम म्हणून आली. बंधनं उठली की सगळ्यांनाच मोकळीक मिळते, असं आपण गृहीत धरतो. बऱ्याच जणांच्या बाबतीत मात्र एक सक्ती जाऊन दुसरी येते, आणि दुसरीला संरक्षण नसतं.

पुढचं वर्षभर हेच पुन्हा पुन्हा घडलं. खासगी कार्यालयांची मर्यादा सप्टेंबरमध्ये तीस टक्क्यांवर गेली, गाडीचं दार तसंच बंद. २१ सप्टेंबरला मनसेच्या नेत्यांनी मध्य रेल्वेवर विनापरवाना प्रवास करून ‘सविनय कायदेभंग’ केला. ऑक्टोबरमध्ये महिलांना प्रवासाची मुभा द्यावी असं राज्याने रेल्वेला कळवलं, रेल्वेने आधी कार्यपद्धती ठरवू म्हटलं, आणि २१ ऑक्टोबरपासून महिलांना सकाळी अकरा ते तीन आणि सायंकाळी सातनंतर प्रवास खुला झाला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांसाठी गाडी सुरू झाली, तीही वेळा बांधून : पहाटेच्या पहिल्या गाडीपासून सातपर्यंत, दुपारी बारा ते चार, आणि रात्री नऊनंतर. सातच्या आत घरात ही जुनी शिस्त; विरारकरांसाठी ती सातच्या आत गाडीत अशी झाली. दहाच्या ऑफिससाठी पावणेसातची गाडी पकडायची, सव्वाआठच्या सुमारास पोहोचून दार उघडायची वाट पाहायची, संध्याकाळी सुटल्यावर नऊपर्यंत वेळ काढायचा आणि अकराच्या सुमारास घर गाठायचं. हे वेळापत्रक कागदावर गर्दी विभागतं. ते पाळणाऱ्याचा दिवस मात्र सोळा तासांचा करतं. त्या काळात अत्यावश्यक सेवेची बनावट ओळखपत्रं पकडली गेल्याच्या बातम्या वारंवार येत होत्या. बनावट ओळखपत्र हा गुन्हाच आहे, त्याची वकिली करण्याचं कारण नाही. पण एखादा गुन्हा एका विशिष्ट नियमाभोवतीच साचू लागला, तर त्या नियमाची घडणही तपासायला हवी.

यावर सरळ आक्षेप येईल : पोटासाठी झालेल्या गर्दीचं समजू शकतो, पण किनाऱ्यावर, हळदीला, वाढदिवसाला झालेल्या गर्दीचं काय? तिथे कोणत्या मालकाने नाव यादीत घातलं होतं? आक्षेप रास्त आहे. किनारे खुले झाल्यावरच्या पहिल्याच शनिवार-रविवारी मरीन ड्राइव्हवर इतकी झुंबड उडाली की सूट जीवघेणी ठरली तर पुन्हा टाळेबंदी करावी लागेल, असा इशारा तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना द्यावा लागला. अर्नाळा, राजोडी, कळंब, सुरुची ही तर मुंबईकरांची हक्काची सुट्टीची ठिकाणं. आणि लग्नाला पन्नास माणसांचा आकडा मांडवात क्वचितच टिकला. ही गर्दी गरजेची नव्हती, हे मान्यच करायला हवं. पण तीसुद्धा निव्वळ उधळेपणाने समजत नाही. माणूस धोका अनोळखीपणावरून मोजतो. बसमध्ये शेजारी बसलेला परका माणूस खोकला की आपण अंग चोरतो. मामेभाऊ खोकला की त्याला आल्याचा चहा देतो. मास्क बाजारात नाकावर असतो, नातेवाइकांच्या ओसरीवर हनुवटीखाली येतो. विषाणूला नातं कळत नाही आणि बंद खोलीत एकत्र जेवताना तो सर्वांत सहज पसरतो. पण आपला धोक्याचा अंदाज नात्यावर चालतो. ‘बेशिस्त’ म्हणून ओरडल्याने हा अंदाज सुधारत नाही. उलट हे ओरडणं नेहमी रस्त्यावरच्या, परक्या माणसावर असतं, त्यामुळे घरातली गर्दी आपल्याला गर्दी वाटतच नाही. शिवाय कुणाची गर्दी डोळ्यांत भरते हेही पाहा. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत झालेल्या रक्तचाचणी सर्वेक्षणात झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं आढळली, इतर वस्तीत सुमारे १६ टक्के. एवढी तफावत स्वभावातून येत नाही. सामायिक संडास, सामायिक नळ आणि एका खोलीत सहा माणसं यांतून ती येते.

दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू आहे. माणूस नियम पाळून पाळून थकतो, त्यामुळे सैलावणं नैसर्गिकच आहे, असं तो म्हणतो. ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्ये कडक निर्बंध लांबणीवर टाकण्याच्या बाजूने हाच थकव्याचा मुद्दा पुढे आला, तेव्हा सहाशेहून अधिक वर्तनशास्त्रज्ञांनी याला पुरावा कोणता, असं जाहीर पत्रातून विचारलं. पुढे स्टीफन रायकर आणि जॉन ड्र्युरी या दोन सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिलं की महिनोन्‌महिने लोटल्यावरही तिथले बहुतेक लोक बहुतेक नियम पाळतच होते. घसरण दिसली ती प्रामुख्याने बाधितांनी घरी विलग राहण्यात, म्हणजे जिथे पाळायला पगार, जागा आणि मदत लागते तिथे. निव्वळ इच्छेवर चालणारे नियम टिकले, आधार लागणारे ढासळले. थकवा खरा कारणीभूत असता तर उतार सगळीकडे सारखा दिसायला हवा होता. नालासोपाऱ्याचा प्रश्न आणि मँचेस्टरचा प्रश्न एकच नव्हे, पण वळण तेच आहे.

तिसरा आक्षेप टाळता येणार नाही. मग काय, जूनमध्येच सगळ्यांसाठी लोकल सोडायची होती? नाही. ऐंशी लाखांची गर्दी त्या गाड्यांत कोंबणं आत्मघातकी ठरलं असतं, आणि गाडी रोखून धरण्यामागचं कारण पूर्ण पटण्यासारखं होतं. चूक गाडी उशिरा सुरू करण्यात नव्हती. गाडी सुरू नसताना दूर राहणाऱ्या कर्मचाऱ्याला बोलावण्याची मुभा मालकाला देण्यात होती. उपस्थितीचे टक्के ठरवताना कर्मचारी कुठून येणार, हा प्रश्न हिशेबात नव्हताच. खाडीपलीकडच्या माणसाला घरून काम द्यावं, नाहीतर गैरहजेरीचं संरक्षण कायम ठेवावं, एवढी एक अट घातली असती तर २२ जुलैचं चित्र कदाचित वेगळं असतं. यात कारभाराचे थरही अनेक. रेल्वे केंद्राची, एसटी राज्याची. शहरात महापालिका आयुक्त, अर्नाळ्यासारख्या ग्रामपंचायतीत जिल्हाधिकारी. आणि पोलीस १ ऑक्टोबर २०२० ला जिल्हा अधीक्षकांकडून नव्या मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाकडे गेलेले. त्यात नियमही सतत बदलते : जूनअखेरीस मुंबई पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरच्या आतच फिरा असं फर्मान काढलं, हजारो गाड्या जप्त केल्या आणि काही दिवसांतच ते मागे घेतलं. दर आठवड्याला नियम बदलत असेल तर लोक नियम वाचणं सोडतात आणि शेजारी काय करतोय ते पाहू लागतात.

पाळता येईल असा नियम केला की चित्र बदलतं, याचीही उदाहरणं त्याच वर्षात आहेत. गणेशोत्सवात सार्वजनिक मूर्ती चार फुटांची, घरची दोन फुटांची, हा नियम उत्सवाच्या बऱ्याच आधी जाहीर झाला. लालबागच्या राजाने तर त्या वर्षी मूर्तीच न बसवता आरोग्यशिबिरं घेतली. नाताळला शासनाने मध्यरात्रीची मिस्सा सायंकाळी सात किंवा त्याआधी घ्यावी आणि चर्चमध्ये पन्नासपेक्षा जास्त भाविक नसावेत असं सांगितलं. वसईच्या ख्रिस्ती गावांसाठी मध्यरात्रीची मिस्सा सोडणं ही लहान गोष्ट नव्हे. पण या दोन्ही नियमांनी एक वाट बंद करताना दुसरी दाखवली होती. ८ जूनच्या नियमाने विरारच्या कारकुनाला दुसरी वाट दाखवलीच नव्हती.

आणि पुढेही ती नीट दाखवली गेली नाही. दुसऱ्या लाटेत सर्वसामान्यांसाठी गाडी पुन्हा बंद झाली होती; १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकलचा पास मिळू लागला. अट आरोग्याच्या दृष्टीने योग्य होती. पण १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण सुरू झालं १ मे रोजी, आणि साठा नाही म्हणून राज्याने ते मेच्या मध्यापूर्वीच थांबवलं. सर्व प्रौढांसाठी ते पुन्हा सुरू झालं २२ जूनला. कोविशील्डच्या दोन मात्रांमध्ये तेव्हा किमान ८४ दिवसांचं अंतर सक्तीचं होतं. २२ जूनला पहिली मात्रा मिळालेल्या तिशीच्या विक्रेत्याचा हिशेब करा : दुसरी मात्रा १४ सप्टेंबरला, पास २८ सप्टेंबरला. दुकानं १५ ऑगस्टपासून रात्री दहापर्यंत उघडी होती. या मधल्या सहा आठवड्यांत तो कामावर कसा गेला असेल, याचं उत्तर लसीच्या रांगांमध्ये आहे, आणि त्या रांगा पुढच्या लेखांकाचा विषय आहेत.