चार ब्रश पुरेत, पण धुतलेले!

परभणीत दरवर्षी फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. पाळणे, खेळणी आणि मिठाईच्या जोडीला बांगड्या, टिकल्या, पावडर-लिपस्टिकच्या दुकानांपुढेही गर्दी असते. जत्रेत असो की जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या बाजारातल्या जनरल स्टोअरमध्ये, अलीकडे एक वस्तू सहज नजरेला पडते: चकचकीत पाकिटातला बारा किंवा चोवीस मेकअप ब्रशचा संच. मोबाइलवर व्हिडिओ पाहून मुली तो हौसेने घेतात. घरी आल्यावर त्यातले दोन-तीनच वापरात येतात. बाकीचे कशासाठी असतात हेच कळत नाही. आणि जे वापरात येतात, त्यांना वर्षभर पाण्याचा स्पर्शही होत नाही.

मग तुळशीचे लग्न लागते आणि लग्नसराई सुरू होते. केळवणाला नवरी, तिची बहीण, मामेबहिणी, मैत्रिणी सगळ्या एकाच डब्यातून नटतात. त्यातल्या एकीचा डोळा थोडा चुरचुरत असतो, पण तिकडे कोण लक्ष देतो? आठवड्याने, ऐन हळदीच्या दिवशी, नवरीचा डोळा लालभडक आणि पापणी सुजलेली. अशा वेळी दोष नेहमी ब्रशचाच असतो असे नाही; हात, टॉवेल, रुमाल यांच्यातूनही संसर्ग पसरतो. पण टॉवेल वेगळा ठेवायचा हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते. ब्रशबद्दल मात्र कोणी सांगितलेले नसते.

बोट धुतले जाते, ब्रश नाही

आजी अनामिकेने कुंकू लावायची, करंगळीने काजळ घालायची. तिचे साधन म्हणजे तिचे बोट, आणि ते स्वयंपाक करताना, भांडी घासताना, जेवताना दिवसातून अनेक वेळा धुतले जायचे. ब्रशचे तसे होत नाही. दररोज तो चेहऱ्यावरचा घाम, तेल आणि कातडीचे मृत कण उचलतो. त्यात क्रीम किंवा फाउंडेशनचा ओलावा मिसळतो. मग तो बंद डब्यात जातो. ओलावा, खाद्य आणि ऊब या तिन्ही गोष्टी जंतूंना तिथे आयत्या मिळतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जाणाऱ्या आपल्या भागात घामाची भर तर असतेच.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वापरातली ४६७ प्रसाधने आणि साधने तपासली. त्यात लिपस्टिक, आयलायनर, मस्कारा, लिपग्लॉस आणि फाउंडेशन लावण्याचे स्पंज होते. प्रकारानुसार ७९ ते ९० टक्के वस्तूंवर जीवाणू सापडले. सर्वांत वाईट अवस्था स्पंजची होती. त्यांतले ९३ टक्के स्पंज एकदाही धुतलेले नव्हते आणि ६४ टक्के कधी ना कधी जमिनीवर पडलेले होते. हा अभ्यास ब्रशचा नव्हता. पण ओला होणारा, चेहऱ्याला रोज लागणारा आणि न धुतलेला ब्रश त्याला अपवाद ठरण्याचे काही कारण नाही.

घाबरून जाण्याचेही कारण नाही. जीवाणू सापडणे म्हणजे आजार होणे नव्हे. निरोगी कातडी त्यांना सहसा आत येऊ देत नाही. अडचण होते ती कातडीला चीर असेल, मुरुम फुटलेले असतील, नुकतेच थ्रेडिंग झाले असेल, तेव्हा. मधुमेह असलेल्यांनी आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी जास्त सांभाळायला हवे. मळका ब्रश मुरुम वाढवू शकतो, केसांच्या मुळाशी पुटकुळ्या आणू शकतो. दुसऱ्याचा ब्रश वापरला तर डोळे येणे, ओठांवरची नागीण किंवा गजकर्ण यांसारखी दुखणीही पसरू शकतात.

रोजच्यासाठी कोणते ब्रश?

कॉलेज, नोकरी, शाळेतले अध्यापन किंवा बँकेतले काम, अशा रोजच्या हलक्या मेकअपला चार ब्रश पुरतात.

पहिला, पावडरचा. मध्यम आकाराचा, भरगच्च पण मऊ. याने कॉम्पॅक्ट किंवा पावडर लावता येते आणि झटकून घेतल्यावर ब्लशही. खूप मोठा ब्रश घेऊ नये. तो सुकायला जास्त वेळ घेतो.

दुसरा, क्रीम किंवा फाउंडेशनचा. दाट केसांचा, वरून सपाट किंवा किंचित गोल. हा घेतलाच पाहिजे असे नाही. स्वच्छ धुतलेली बोटे हेच काम चांगले करतात. स्पंज मात्र विचार करूनच घ्यावा. तो आतपर्यंत पाणी शोषतो, आतून लवकर सुकत नाही आणि आतला मळ दिसत नाही. वापरायचाच असेल तर प्रत्येक वापरानंतर धुवावा आणि दोन-तीन महिन्यांनी टाकून द्यावा.

तिसरा, पापणीवरच्या आयशॅडोचा. करंगळीच्या नखाएवढा, मऊ टोकाचा. डोळ्याच्या इतक्या जवळ जाणारा ब्रश टोचरा असून चालत नाही.

चौथा, भुवयांचा. एका टोकाला तिरका कापलेला बारीक ब्रश आणि दुसऱ्या टोकाला मस्काऱ्याच्या काडीसारखा गोल ब्रश, असा दुतोंडी मिळतो.

लिपस्टिक थेट कांडीने लावता येते. नाकाच्या कडेचा, गालाच्या हाडाचा, चमक लावण्याचा असे जे वेगवेगळे ब्रश संचात असतात, ते स्टेजवरच्या किंवा लग्नातल्या मेकअपसाठी. घरात जितके ब्रश जास्त, तितके धुवायचेही जास्त. आणि मग एकही धुतला जात नाही.

केस कशाचे?

ब्रशचे केस दोन प्रकारचे असतात. एक प्राण्यांचे, म्हणजे शेळी, खार, घोडा वगैरेंचे. दुसरे कृत्रिम, म्हणजे नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या जातीच्या तंतूंचे. प्राण्याच्या केसावर आपल्या केसाप्रमाणेच बारीक खवले असतात. त्यांत कोरडी पावडर छान धरली जाते. पण तेल आणि क्रीमही मुरते, आणि धुतल्यावर केस उशिरा सुकतो. कृत्रिम तंतू गुळगुळीत असतो. त्यात काही मुरत नाही, तो लवकर धुतला जातो आणि लवकर सुकतो. रोजच्या वापरासाठी, विशेषतः क्रीम आणि डोळ्यांसाठी, कृत्रिम ब्रशच सोयीचा. चांगल्या प्रतीचे कृत्रिम ब्रश आता पुरेसे मऊ असतात.

आणखी एक गोष्ट. चित्रकलेच्या ब्रशांसाठी आपल्या देशात मुंगसांची शिकार होत आली आहे आणि त्यावरून अनेकदा छापेही पडले आहेत. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे. शेतात उंदीर आणि साप मारणारा, दिसला तर शुभ मानला जाणारा हा प्राणी. तेव्हा 'अस्सल केसांचा' म्हणून कोणी कौतुकाने ब्रश दाखवला, तर केस कोणाचे हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर घेऊ नये.

दुकानात काय पाहाल?

किमतीपेक्षा चार गोष्टी पाहा. ब्रश मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवा. तिथली कातडी नाजूक असते, टोचले तर चेहऱ्यालाही टोचणार. केस चिमटीत धरून हलके ओढा. एखाद-दुसरा निघाला तर ठीक, झुपका हातात आला तर परत ठेवा. केस आणि दांडा जोडणारी धातूची नळी हलवून पाहा. ती डुगडुगत असेल तर पहिल्या धुण्यातच सुटेल. आणि ब्रशला रसायनाचा उग्र वास येत असेल तर तो घेऊ नका. घरी आणल्यावर वापरण्याआधी एकदा धुवा आणि ओला असताना पांढऱ्या कापडावर टेकवा. रंग सुटला तर तो चेहऱ्यावरही सुटेल.

तांब्याभर पाण्यात धुणे

अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी, मेकअपचे ब्रश दर ७ ते १० दिवसांनी धुवायला सांगते. म्हणजे आठवड्याचा एक वार ठरवायचा. नळाला रोज पाणी येत नाही, त्यात ब्रश कुठे धुवायचे, असे कोणी म्हणेल. पण चार ब्रशांना दोन-तीन तांबे पाणी पुरते.

कोमट पाण्यात ब्रशचे फक्त टोक भिजवा. तळहातावर शाम्पूचे दोन थेंब घेऊन त्यात ब्रश गोल फिरवा. मळ सुटेपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवा. या सगळ्यात केस खाली आणि दांडा वर राहिला पाहिजे. पाणी धातूच्या नळीत शिरले तर आतला गोंद सैल होतो, केस गळू लागतात आणि आत ओल राहते.

साबण का नको? आपल्याकडे खाली काळा बेसाल्ट खडक. बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. साबणाचा या क्षारांशी संयोग होऊन न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. फेस कमी येतो आणि साका केसांवर बसून ब्रश राठ होतो. शाम्पूतील घटकांचा असा साका सहसा होत नाही. पाणी फारच जड असेल तर शेवटचे धुणे पिण्याच्या जारच्या पाण्याने करावे. अर्धा पेला पुरतो.

धुतल्यावर स्वच्छ सुती कापडात दाबून पाणी काढा, बोटांनी आकार द्या आणि टेबलाच्या कडेला आडवे ठेवा, केसांचे टोक कडेबाहेर राहील असे. सावलीत, हवेशीर जागी. मेच्या उन्हात ठेवले तर गोंद आणि केस दोन्ही खराब होतात. पावसाळ्यात रात्री पंख्याखाली ठेवावेत. पूर्ण सुकल्याशिवाय डब्यात किंवा प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नयेत. ओला ब्रश बंद करणे हे न धुण्यापेक्षा वाईट.

पार्लरमध्ये विचारायला लाजू नका

गावोगावी बायकांनी घरातच पार्लर सुरू केली आहेत. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम शिकून कोणी, तर पुण्या-मुंबईच्या पार्लरमध्ये काम करून कोणी. त्यावर घर चालते. म्हणून ही स्वच्छता ग्राहकाइतकीच त्यांच्याही हिताची आहे. एका नवरीचा डोळा बिघडला तर ती बातमी आधी नातेवाइकांत पसरते.

पार्लर चालवणाऱ्या ताईंनी किमान दोन संच ठेवावेत. एक वापरात, एक धुऊन सुकत. लिपस्टिक आणि क्रीम पातळ पट्टीने ताटलीत काढून घ्यावे, म्हणजे वापरलेला ब्रश पुन्हा मूळ डबीत जात नाही. मस्काऱ्याची काडी प्रत्येकीला नवी. दोन ग्राहकांच्या मधे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा उपयोगी पडतो. ७० टक्केच, कारण त्यातल्या पाण्यामुळे अल्कोहोल लगेच उडून जात नाही आणि जंतूच्या आत शिरू शकते. पण आधी मळ पुसला पाहिजे. तेलकट थराखालच्या जंतूंपर्यंत फवारा पोचत नाही. आणि डोळ्यांची साथ पसरवणाऱ्या अ‍ॅडिनोव्हायरससारख्या विषाणूवर अल्कोहोलचा भरवसा धरता येत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर ती साथ आली होती. हा विषाणू कोरड्या वस्तूंवरही अनेक दिवस टिकतो. म्हणून ज्या ग्राहकाचा डोळा आला आहे, तिचा डोळ्यांचा मेकअप नम्रपणे नाकारणे हाच मार्ग.

ग्राहकाने फक्त एवढे विचारावे, "ताई, ब्रश धुतलेला आहे ना?" याचा राग कोणाला येऊ नये. नाहीतर आपले चार ब्रश सोबत न्यावेत.

डोळा आला, तर

डोळा लाल झाला, चिकट झाला किंवा रांजणवाडी आली तर मेकअप पूर्ण बंद. त्या काळात वापरलेले काजळ आणि मस्कारा टाकून द्यावेत. पैशाकडे पाहून ठेवू नयेत. आयशॅडोचा ब्रशही बदलावा. डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अंधुक दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका. त्यात स्टेरॉईड असेल तर लाली कमी झाल्यासारखी वाटते, पण काही संसर्गांत बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. चेहऱ्यावर पुरळ आले म्हणून आणलेल्या मलमांचेही तेच.

पुढच्या वेळी बाजारात चोवीस ब्रशांचे पाकीट हातात घेतले, तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: यातले दर रविवारी मी किती धुणार आहे? जेवढे धुणार, तेवढेच घ्या.