जुन्या फ्लॉप्या रद्दीत टाकू नका!

हिशेबाची वही पन्नास वर्षांनी उघडली तरी फिकट शाईतले आकडे दिसतात. फ्लॉपीत काय आहे हे मात्र यंत्राशिवाय कळत नाही, आणि ते यंत्रच आता घरांतून हद्दपार झाले आहे. सोनी कंपनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री २०११ च्या मार्चमध्ये थांबवली. म्हणून ट्रंकेत, माळ्यावर पडलेल्या फ्लॉप्यांकडे आताच लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते.

फ्लॉपीत प्लॅस्टिकची पातळ चकती असते. तिच्यावरील थरात चुंबकीय खुणांच्या रूपाने मजकूर साठतो. काळाबरोबर या खुणा क्षीण होतात, ओलाव्याने बुरशी धरते, थर सुटतो. बुरशी आलेली चकती तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर ती खरवडली जाते आणि ड्राइव्हला लागलेली घाण पुढच्या फ्लॉपीलाही बाधते.

पण निराश होण्याचे कारण नाही. प्रसिद्ध अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९८५ मध्ये अमिगा या घरगुती संगणकावर चित्रे काढली होती. १९८७ मध्ये ते वारले. त्यांच्या फ्लॉप्या पुढे पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात पडून होत्या. कलावंत कोरी आर्केंजेल यांनी पाठपुरावा केला, कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबने मेहनत घेतली, आणि २०१४ मध्ये २८ चित्रे जगापुढे आली. अमिगाची फ्लॉपी साध्या पीसीच्या ड्राइव्हला वाचता येत नाही. म्हणून चुंबकीय खुणा जशाच्या तशा टिपणारे उपकरण वापरावे लागले. त्यानंतरही फाईल कोणत्या पद्धतीने लिहिली आहे, हे उलगडावे लागलेच.

म्हणजे कामे दोन : आधी खुणा वाचवणे, मग त्यांचा अर्थ लावणे. हे दुसरे काम मराठी माणसालाही चुकत नाही. १९९० च्या दशकात डीटीपीवर टाइप केलेला मराठी मजकूर त्या त्या फाँटच्या सांकेतिक पद्धतीत साठवला जाई. तो फाँट नसेल तर पडद्यावर भलतीच अक्षरे दिसतात. अशी फाईल बिघडली समजून पुसू नका. फाँट ओळखून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो.

घरी काय करावे? साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातील खिटी सरकवून भोक उघडे करा. मग तिच्यावर नवे काही लिहिले जात नाही. संगणकाने ‘फॉरमॅट करायचे का?’ असे विचारले तर ‘नाही’ म्हणा. पीसीची फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हवर वाचता येते. प्रथम संपूर्ण फ्लॉपीची प्रतिमा-फाईल घ्या आणि पुढचे सर्व काम त्या प्रतीवरच करा. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. लेबलावरील नाव, तारीख, फाँट टिपून घ्या. बुरशी दिसली तर स्वतः प्रयोग न करता जाणकाराला दाखवा.

बंधू-भगिनींनो, एका फ्लॉपीत फार तर १.४४ एमबी मावते. मोबाइलमधला एक फोटो याहून मोठा असतो! पण तेवढ्यात मंडळाच्या सभेचे इतिवृत्त असेल, सभासदांची यादी असेल, वर्गणीचा हिशेब असेल, वडिलांनी टाइप केलेले एखादे पत्रही असेल. त्याची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. येत्या रविवारी ट्रंक उघडा.