आज्ञावलीची गुंतागुंत मोजायची कशी?

३१ डिसेंबर २००८ या दिवशी अमेरिकेत एक चमत्कारिक प्रकार घडला. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे ‘झून’ नावाचे, खिशात मावणारे, गाणी वाजवणारे यंत्र त्या काळी तिथे विकले जात असे. त्यातले ३० गिगाबाइटचे यंत्र ज्यांच्यापाशी होते, त्यांची यंत्रे त्या दिवशी एकाएकी मुकी झाली. बटणे दाबा, हलवा, काही करा, पडदा जागचा हलेना. कंपनीने दिलेला सल्ला तर त्याहून गमतीचा होता. बॅटरी पूर्ण संपू द्या, आणि १ जानेवारी उजाडल्यावर यंत्र पुन्हा सुरू करा! आणि खरोखरच, नवे वर्ष लागल्यावर यंत्रे पूर्वीसारखी गाऊ लागली.

दोष यंत्राच्या तारांत नव्हता. तो होता आत भरलेल्या आज्ञावलीत, म्हणजे संगणकाला क्रमाक्रमाने सूचना देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये; आणि तोही अवघ्या आठ-दहा ओळींच्या तुकड्यात. हा तुकडा आपण कागदावर मांडून पाहू. आज्ञावलीची गुंतागुंत आकड्यात कशी मोजतात, हे त्यावरून चांगले समजेल.

झूनच्या आतले घड्याळ फक्त दिवस मोजत असे. १ जानेवारी १९८० हा पहिला दिवस. त्यानंतर किती दिवस झाले ते सांगितले, की चालू वर्ष कोणते ते आज्ञावलीने शोधून काढायचे. रीत सोपी आहे. तुम्हीसुद्धा हीच वापराल. वर्ष १९८० धरा. दिवसांची संख्या ३६५ पेक्षा जास्त आहे का? नसेल तर काम संपले. असेल तर पुढचा प्रश्न: हे लीप वर्ष आहे का? नसेल तर ३६५ दिवस वजा करा, वर्ष एकाने वाढवा आणि पहिल्या प्रश्नाकडे परत जा. लीप वर्ष असेल तर तिसरा प्रश्न: दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत का? असतील तर ३६६ वजा करा, वर्ष वाढवा आणि पहिल्या प्रश्नाकडे परत जा.

आता कागद-पेन्सिल घ्या. प्रत्येक कामासाठी आणि प्रत्येक प्रश्नासाठी एक छोटे वर्तुळ काढा, आणि एकातून दुसऱ्याकडे जाणारी वाट बाणाने दाखवा. आरंभ, तीन प्रश्न, दोन वजाबाक्या आणि शेवट अशी सात वर्तुळे होतील. प्रश्नाच्या वर्तुळातून दोन बाण निघतात, एक ‘होय’चा आणि एक ‘नाही’चा. आरंभातून आणि प्रत्येक वजाबाकीतून एकेकच बाण निघतो. शेवटातून एकही नाही. बाण मोजा, नऊ भरतील.

काढलीत आकृती? मग तिसऱ्या प्रश्नाच्या ‘नाही’च्या बाणाकडे नीट बघा. तो कुठे जातो? मूळ आज्ञावली लिहिणाऱ्याने त्याबद्दल काहीच सांगितलेले नव्हते, म्हणून तो काही न करता पहिल्या प्रश्नाकडे परत येतो. दिवस आहेत बरोबर ३६६. ते ३६५ पेक्षा जास्त आहेत, म्हणून पुढे. वर्ष लीप आहे, म्हणून पुढे. ३६६ पेक्षा जास्त नाहीत, म्हणून मागे. पुन्हा तेच प्रश्न, तीच उत्तरे. घाण्याच्या बैलासारखी आज्ञावली गोल गोल फिरत राहिली आणि तिच्यापायी सारे यंत्र अडून बसले. २००८ हे लीप वर्ष होते आणि ३१ डिसेंबर हा त्याचा ३६६ वा दिवस!

अशा आकृतीवरून गुंतागुंत मोजण्याची कल्पना टॉमस मॅकेब या अमेरिकी गणितज्ञाने १९७६ साली एका शोधनिबंधात मांडली. त्याचे सूत्र असे: बाणांच्या संख्येतून वर्तुळांची संख्या वजा करा आणि दोन मिळवा. आपल्या आकृतीत ९ − ७ + २ म्हणजे ४. या आकड्याला ‘सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी’ म्हणतात. आपण त्याला नुसता मॅकेबचा आकडा म्हणू.

ही वजाबाकी त्याला सुचली कुठून? आलेखशास्त्रातून, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या गणितातून. त्याचा उगम ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७३६ साली सोडवलेल्या कोनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांच्या कोड्यात सापडतो. एकमेकींना न छेदणाऱ्या रेषांनी काढलेल्या सलग आकृतीत रेषांतून बिंदू वजा करून दोन मिळवले, की आकृतीने कागदाचे किती भाग पाडले ते कळते, हेही ऑयलरचेच सूत्र. तुमच्या आकृतीत तीन बंदिस्त भाग दिसतील, आणि बाहेरचा मोकळा कागद हा चौथा. पडताळून पाहा.

याहून सोपी एक युक्ती आहे. प्रश्न मोजा आणि एक मिळवा. तीन प्रश्न, म्हणून चार. हे नेहमीच का जुळते? प्रत्येक प्रश्नातून दोन बाण निघतात, शेवटातून एकही नाही आणि बाकी सगळ्यांतून एकेक. तेव्हा बाण हे वर्तुळांपेक्षा प्रश्नांच्या संख्येइतके जास्त, पण शेवटामुळे एकाने कमी असणार. त्यांतून वर्तुळे वजा केली की उरले प्रश्न उणे एक. त्यात दोन मिळवले की प्रश्न अधिक एक. बीजगणिताच्या वहीत दोन ओळींत होणारी ही सिद्धता आहे.

आता तुम्ही म्हणाल, आकडा तर मिळाला, पण त्याचा उपयोग काय? चार याचा अर्थ असा, की आकृतीतले सगळे रस्ते ज्यांच्या जोडणीतून तयार होतात, असे मूळ रस्ते चार आहेत. आज्ञावली नीट तपासायची तर निदान या चारही रस्त्यांवरून तिला चालवून पाहिले पाहिजे. झूनची आज्ञावली या रीतीने तपासली असती तर? चारांपैकी एका रस्त्यावर तो ‘नाही’चा बाण हटकून आला असता. आणि त्या बाणावरून जाण्यासाठी दिवस बरोबर ३६६ च घ्यावे लागतात. दुसरी कोणतीही संख्या चालत नाही. १९८० हे स्वतःच लीप वर्ष असल्यामुळे, नुसता ३६६ हा आकडा देऊन पाहिला असता तरी यंत्र टेबलावरच अडून बसले असते. लोकांच्या खिशात जाऊन अडले नसते.

चार रस्ते हाताने तपासता येतात. पण एकामागून एक असे दहा प्रश्न ओळीने आले तर? मॅकेबचा आकडा ११ होतो, आणि ‘होय-नाही’ची मिळून सगळी वळणे मोजली तर २ चा दहावा घात, म्हणजे १०२४ रस्ते. वीस प्रश्न असतील तर दहा लाखांहून अधिक! म्हणून मॅकेबने सुचवले, की आज्ञावलीच्या एका सुट्या भागाचा आकडा १० च्या वर जाऊ देऊ नये. गेला तर त्या भागाचे तुकडे करावेत. दहा ही काही जादूची संख्या नव्हे, असेही त्यानेच सांगून ठेवले आहे. त्याच निबंधात तो लिहितो, की रचनेचे रीतसर शिक्षण न घेतलेले काही प्रोग्रॅमर त्याला भेटले, ज्यांच्या आज्ञावल्यांचा आकडा सहज ३ ते ७ मध्ये बसत असे. स्वच्छ अक्षर काढायला प्रत्येकाला शिकवावे लागत नाही, तसेच हे.

वेबसाइटच्या मागे चालणाऱ्या आज्ञावल्यांना हा प्रश्न अधिकच छळतो. पूल बांधला की बांधला. वेबसाइट मात्र रोज थोडी थोडी बदलत राहते. तुमच्या शाळेच्या वेबसाइटवर निकाल दाखवणारा भाग आहे असे समजा. प्रथम एकच प्रश्न होता: गुण ३५ किंवा जास्त आहेत का? पुढच्या वर्षी सवलतीचे गुण आले. मग गैरहजर मुलांसाठी वेगळी खूण आली, मग तोंडी परीक्षेचे गुण, मग फेरपरीक्षा. दर वेळी कोणीतरी घाईने एक ‘जर’ घुसडला. मूळ लिहिणारा मुलगा केव्हाच कॉलेजात गेला. आता आजारपणामुळे पेपरला न बसलेल्या मुलीसमोर वेबसाइट ‘शून्य गुण, अनुत्तीर्ण’ असे छापते, आणि चूक कोणत्या ‘जर’मध्ये आहे हे कोणालाच सापडत नाही. वापरात असलेली प्रणाली बदलत जाते आणि मुद्दाम झीज भरून काढली नाही तर तिची गुंतागुंत वाढत जाते, हा नियम मेइर लेहमन या संगणकशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच मांडला होता. तेव्हा वेबसाइट नावाची वस्तूही नव्हती.

म्हणून हल्ली ही मोजणी संगणकच करतो. वेबसाइटसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत लिहिलेले तपासणारे ‘ईएसलिंट’ हे साधन आहे. त्यात गुंतागुंतीचा नियम चालू केला आणि वेगळी मर्यादा दिली नाही, तर २० च्या वर आकडा गेलेला प्रत्येक भाग ते दाखवून देते. मॅकेबपेक्षा दुपटीने उदार!

दुरुस्ती किती सोपी जाईल याचा एकच आकडा काढण्याचाही प्रयत्न झाला आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी पॉल ओमन आणि जॅक हेगमाइस्टर यांनी त्यासाठी ‘मेंटेनेबिलिटी इंडेक्स’ म्हणजे देखभाल-निर्देशांक मांडला. त्याच्या प्रचलित सूत्रात १७१ पासून सुरुवात करून तीन गोष्टी वजा करतात. ओळींच्या संख्येचा नैसर्गिक लॉगरिदम घेऊन १६.२ पट, आज्ञावलीत एकूण किती चिन्हे-शब्द आले यावरून मॉरिस हॉलस्टेड याने ठरवलेल्या ‘आकारमाना’च्या लॉगरिदमची ५.२ पट; आणि मॅकेबच्या आकड्याची ०.२३ पट. वीस ओळी, आकारमान ५०० आणि मॅकेबचा आकडा ५ असेल तर उत्तर सुमारे ८९ येते. दोनशे ओळी, ८००० आणि ४० असेल तर सुमारे २९. उत्तर ८५ च्या वर असले तर आज्ञावली सांभाळायला सोपी, ६५ च्या खाली गेले तर अवघड, असा संकेत होता.

हे १७१ आणि १६.२ कुठून आले? निसर्गाच्या कोणत्या नियमातून नव्हे. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रोग्रॅमरांना त्यांच्या आज्ञावल्या सांभाळायला कशा वाटतात ते विचारले, आणि त्यांच्या मतांशी जुळेल असे सूत्र बसवले. त्यामुळे मला या आकड्याचा फारसा भरवसा वाटत नाही. ताप मोजणे वेगळे आणि ‘तब्येत शंभरपैकी किती’ असे विचारणे वेगळे.

मॅकेबच्या आकड्यालाही मर्यादा आहेतच. आठवड्याच्या वारांची नावे छापणारी, ओळीने सात ‘जर’ असलेली आज्ञावली कोणालाही वाचता येते. तेच सात ‘जर’ एकाच्या पोटात एक असे कोंबले तर डोके गरगरते. आकडा मात्र दोन्हींचा ८ च! ही उणीव भरून काढण्यासाठी ‘सोनारसोर्स’ या कंपनीने नवी मोजणी आणली. तिच्यात पोटातल्या ‘जर’ला खोलीप्रमाणे जास्त दंड पडतो.

दुसरी मर्यादा त्याहून मोठी आहे. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टची ‘ॲझूर’ ही सेवा, जिच्यावर पुष्कळ वेबसाइटी चालतात, कोलमडली. एका वर्षाच्या मुदतीचे प्रमाणपत्र तयार करताना तिची आज्ञावली आजच्या तारखेतल्या वर्षात फक्त एक मिळवत होती. त्या दिवशी मुदत निघाली २९ फेब्रुवारी २०१३. असा दिवस कॅलेंडरात नाहीच! एक मिळवणे या कामात प्रश्न शून्य, म्हणून मॅकेबचा आकडा १. त्याहून साधे काय असणार? पण ‘ही तारीख पुढच्या वर्षी आहे का?’ हा प्रश्न तिथे असायला हवा होता. लिहिलेले प्रश्न हे माप मोजते. लिहायचे राहून गेलेले त्याला दिसत नाहीत.

जाता जाता घरी करायला एक काम. झूनच्या आकृतीत ‘लीप वर्ष आहे का?’ याला आपण एकच वर्तुळ दिले. पण ती स्वतःच एक छोटी आज्ञावली आहे. ४ ने भाग जातो का? १०० ने जातो का? ४०० ने जातो का? तिची आकृती काढा, बाण मोजा. आकडा ४ यायला हवा. मग चारही रस्त्यांवरून जाणारी चार वर्षे निवडा. २०२३ आणि २०२४ ही दोन सहज सुचतील. उरलेली दोन शोधताना १९०० आणि २००० या वर्षांचे फेब्रुवारी महिने किती दिवसांचे होते, ते जुन्या पंचांगात पाहा.