श्रीलंकेचे दोन रुपये आणि लोहचुंबक

माझ्या संग्रहात श्रीलंकेची दोन रुपयांची दोन नाणी आहेत, एक १९८४ सालचे, दुसरे २००५ सालचे. रंग सारखाच, व्यासही दोन्हींचा २८.५ मिलिमीटर. एक पुरे, असे म्हणून दुसरे मी देऊन टाकणार होतो. सहज टेबलावरचा लोहचुंबक जवळ नेला, तर २००५चे नाणे टपकन चिकटले. १९८४चे जागचे हललेही नाही!

जुने नाणे तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे आहे. नवे पोलादाचे, वर निकेलचा मुलामा. पण निकेललाही लोहचुंबक ओढतोच की! खरे आहे. शुद्ध निकेल सुमारे ३५८ अंश सेल्सिअसपर्यंत जोराने ओढले जाते. त्यात तांबे मिसळत गेलो की ही मर्यादा खाली उतरते. अशा नाण्यात तांबे सुमारे तीन-चतुर्थांश असते, म्हणून ती आपल्या खोलीच्या तापमानाच्याही खाली जाते.

पोलादाची घनता कमी, त्यामुळे वजनही ८.२५ ग्रॅमवरून ७ ग्रॅमवर आले. शाळेतल्या तराजूवर हा फरक सहज कळेल. लोहचुंबक मात्र नाण्यावर घासू नका, मुलाम्यावर ओरखडे पडतात.