डांबरगोळीचा वास आणि तान्हे बाळ

दिवाळी सरली, की आपल्या मराठवाड्यात माळ्यावरची लोखंडी पेटी खाली येते. छत्रपती संभाजीनगरात थंडीतल्या काही रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. मग स्वेटर, शाली, फ्लॅनेलचे आणि मऊ लवदार कापडाचे रात्रीचे कपडे, बाळासाठी जपलेली झबली-कुंच्या बाहेर पडतात. पेटी उघडताच डांबरगोळ्यांचा वास येतो. कपडे नीट ठेवल्याची ती खूण, असे पुष्कळांना वाटते. घरात तान्हे मूल असेल तर मला मात्र या वासाची धास्ती वाटते. बाळंतिणीच्या खोलीत गेलो, की मी आधी बाळाच्या दुपट्याचा वास घेतो. आजीबाई हसतात. हसू द्या!

कारण सांगतो. या गोळ्या बहुधा नॅप्थॅलीनच्या असतात. गोळी हळूहळू हवेत उडते आणि तिची वाफ कपड्यांत मुरते. तो कपडा घातला, की ती बाळाच्या श्वासातून व कातडीतून शरीरात जाते. नॅप्थॅलीन तेलात विरघळते. म्हणून तेल चोळलेल्या अंगावर असा कपडा अधिकच वाईट. काही बाळांच्या, विशेषतः मुलग्यांच्या, तांबड्या रक्तपेशींत जी-६-पी-डी नावाचे विकर जन्मतःच कमी असते. त्यांच्या पेशी नॅप्थॅलीनमुळे झपाट्याने फुटतात. बाळ पिवळे पडते, लघवी गडद होते. कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होते. ग्रीसमधील डॉक्टरांनी १९६३ सालीच अशा नवजात बाळांची माहिती प्रसिद्ध केली होती. युरोपीय संघात २००८ पासून या गोळ्यांवर बंदी आहे. आपल्याकडे त्या कोणत्याही किराणा दुकानात मिळतात.

गंमत अशी, की कसरीची अळी खाते ती लोकर आणि रेशीम. आजचे बहुतेक लवदार कपडे पॉलिएस्टरचे असतात. त्यांना गोळीची गरजच नाही. लोकरीलाही अळी लागते ती मुख्यतः घामाच्या व खरकट्याच्या डागांपाशी. तेव्हा खरे औषध म्हणजे स्वच्छ धुणे.

लवदार कपडे उलटे करून थोड्या साबणात धुवावेत. बोअरचे पाणी जड असते, त्यात साबण नीट निघत नाही. म्हणून एकदा जास्त खळबळावे. राहिलेल्या साबणाने अंगाला खाज सुटते. सुती फ्लॅनेल कडक गरम पाण्यात धुतले तर धुळीतले बारीक किडेही मरतात. दमेकऱ्यांनी हे जरूर करावे. लोकर कोमट पाण्यात, रिठ्याने धुवावी. पिळू नये, सावलीत पसरून वाळवावी. होळीनंतर पेटीत ठेवताना कपडा पूर्ण कोरडा हवा. सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवावा. कापूर नको; तो मुलाने गिळला तर झटके येतात.

गोळ्यांत ठेवलेले कपडे घरात असतील तर ते दोन-तीनदा धुवावेत आणि वास पूर्ण जाईपर्यंत काही दिवस उन्हा-वाऱ्यावर टाकावेत. तोवर बाळाला घालू नयेत. मुलाने गोळी गिळलीच, तर दूध किंवा तूप पाजू नका, उलटी करवू नका. गोळ्यांचे पाकीट घेऊन थेट दवाखाना गाठा. बाळ पिवळे दिसले तर ‘उन्हात धरू, उतरेल’ म्हणत थांबू नका.

बाळाच्या कपड्याला वासच नसावा. असलाच तर उन्हाचा असावा.